पन्नाशीच्या अलीकडची गाडी

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला, तेव्हा जुन्या मोटारींच्या चाहत्यांनी त्याचे मनापासून स्वागत केले होते. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि जिच्या चासीत, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही अशी मोटार या वर्गात बसते. तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला खास क्रमांक मिळतो. वीस हजार रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी होते, पुढचे नूतनीकरण पाच हजारांत होते. त्या बदल्यात तिने रोजच्या वापरासाठी अथवा धंद्यासाठी रस्त्यावर यायचे नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतेच बाहेर पडायचे. भंगार धोरणाच्या वरवंट्याखाली वारसाच चिरडला जाऊ नये म्हणून काढलेली ही वाट योग्यच होती. परंतु तिच्या तोंडाशी जो दगड रोवला आहे त्यावर ‘पन्नास’ हा आकडा कोरलेला आहे, आणि आम्हांला आज बोलावयाचे आहे ते त्या दगडाच्या अलीकडे उभ्या असलेल्या गाड्यांविषयी.

संस्थानिकांच्या रोल्स रॉइस आणि धनिकांच्या ब्यूक यांनी पन्नाशी केव्हाच ओलांडली. त्यांना पदरी कारागीर ठेवणारे मालक आहेत, प्रदर्शने आहेत, छायाचित्रकार आहेत. ज्या गाडीला यांपैकी काहीच नाही ती म्हणजे वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून, भविष्य निर्वाह निधीला हात घालून घेतलेली १९८०च्या दशकातली प्रीमियर पद्मिनी, अथवा तशीच एखादी ॲम्बेसडर. ती आज कोठे असते? घराच्या मागल्या पडवीत, ताडपत्रीखाली, चारही चाकांतली हवा गेलेली. आणि एखाद्या घरी मुलाला वा नातवाला अचानक बुद्धी होते, तो ताडपत्री ओढून काढतो, पान्हे गोळा करतो आणि रविवारच्या सुट्ट्या त्या गाडीच्या पोटाखाली घालवू लागतो. या उद्योगाला शौक म्हणून हसण्यावारी नेणारे पुष्कळ आहेत. आमचे मत निराळे आहे. ज्या देशात गाडी दुरुस्त करणे म्हणजे संगणकाला तार जोडून तो सांगेल तो भाग बदलणे एवढेच उरत चालले आहे, तेथे यंत्र उघडून त्याचे दुखणे स्वतःच्या हाताने शोधणारा माणूस एक विद्या जिवंत ठेवीत असतो.

ही विद्या आपल्याकडे आली कशी, हे थोडे पाहण्यासारखे आहे. मोटारीचा कारखाना हिंदुस्थानात निघावा यासाठी विश्वेश्वरय्यांनी १९३०च्या दशकात योजना आखली आणि ती तडीस नेण्यासाठी सोलापूरचे वालचंद हिराचंद पुढे सरसावले. परक्या सरकारला त्या कामी उत्साह नव्हता. युद्धकाळात तर अडवणुकीचाच अनुभव आला. तरीही १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि १९४७मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. प्रारंभी अमेरिकेच्या क्रायस्लरशी झालेल्या करारानुसार तिकडचे सुटे भाग जोडले जात. पुढे इटलीच्या फियाटशी संबंध जुळले, आणि १९५०च्या दशकात फियाट ११०० मराठी मध्यमवर्गाच्या स्वप्नात शिरली. १९६४मध्ये तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले. इटलीने ते रूप दोन वर्षांतच बंद केले. आपण मात्र तेच १९७२मध्ये ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४पासून चितोडच्या राणीच्या नावाने ‘पद्मिनी’ म्हणून, शतक संपेपर्यंत करीत राहिलो. ॲम्बेसडरची कथाही याहून वेगळी नाही. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावरून कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ती गाडी २०१४ साली थांबली.

या दीर्घायुष्याची त्या काळी चेष्टा होई, आणि ती अस्थानी नव्हती. स्पर्धेला दार बंद, परवान्यांचे राज्य, गिऱ्हाईक रांगेत. मग सुधारणा करावी कोणी आणि कशासाठी? त्या रांगेतले एक गिऱ्हाईक पंतप्रधान होते हे अनेकांना ठाऊक असेल. लालबहादूर शास्त्रींनी १९६४मध्ये बारा हजारांची फियाट घेतली तेव्हा त्यांच्यापाशी सात हजारच होते. उरलेले पाच हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ काढले, आणि ताश्कंदला त्यांचे देहावसान झाल्यावर ते कर्ज ललितादेवींनी फेडले. ती गाडी आज दिल्लीतील त्यांच्या स्मारकात आहे. असो. सांगायचे ते हे की, एकच रचना तीस-चाळीस वर्षे न बदलता चालत राहिल्याने नकळत एक लाभ झाला. गावोगावच्या मेस्त्रीला ती पाठ झाली. १९६६च्या गाडीचा भाग १९८६च्या गाडीला बहुधा चाले. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, चाळिसेक अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गियर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, एक कार्बोरेटर, एक डिस्ट्रिब्यूटर. बोनेट उघडले की सगळे समोर दिसे, आणि जे दिसते ते सुटते, जे सुटते ते पुन्हा बसते, असा तो सरळ व्यवहार होता.

मोठ्या शहरांत कंपनीची वर्कशॉपे होती. तालुक्याच्या गावांना ती दाराशी मिळण्याचा तो काळ नव्हता. म्हणून या विद्येचा विचार मुंबई-पणजीहून करण्यापेक्षा एखाद्या आडबाजूच्या गावाहून करणे अधिक उपयोगी पडते. आम्ही येथे मुद्दाम तेलंगणातील बोथ हे गाव घेतो, आणि त्याला मराठी वाचकांच्या दृष्टीने आणखीही एक कारण आहे. बोथ आदिलाबाद जिल्ह्यात, नागपूर-हैदराबाद महामार्गापासून आत आहे. कडम नदीवरचा कुंटाला धबधबा त्याच टापूतला. जिल्हा कापसाचा, रानांचा, गोंडांचा. आणि मराठी तेथे परकी भाषा नव्हे. १९५६च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाने हैदराबाद राज्य मोडले तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ असे तीन तुकडे मुंबई राज्यात आले; खुद्द बोथ आंध्र प्रदेशात गेले. म्हणजे एकाच तालुक्याच्या मधून १ नोव्हेंबर १९५६ रोजी रेघ ओढली गेली. सोयरिकी मात्र रेघेच्या दोन्ही बाजूंना राहिल्या.

आता अशा गावी १९५५ साली एखाद्या घराने गाडी घेतली होती अशी कल्पना करा. ती गाडी छपरीतून हललीही नसती तरी तिच्यावरून तीन राज्ये गेली असती : आधी हैदराबाद, मग आंध्र प्रदेश, आणि २ जून २०१४पासून तेलंगण. त्याच घरातल्या १९९०च्या पद्मिनीच्या पाटीवर आदिलाबादची ‘एपी ०१’ ही अक्षरे. २०१४नंतर शेजाऱ्याने घेतलेल्या गाडीवर ‘टीएस ०१’, आणि मार्च २०२४नंतरच्या गाडीवर ‘टीजी’. गाडी जुनी करण्याचे काम काळ एकटा करीत नाही, सरकारही त्यात हात घालते, हे अशा सीमेवरच्या गावी विशेष जाणवते. आणि या रेघेचा खरा जाच कागदावर होतो. मोटार वाहन अधिनियमानुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. बोथच्या आजोबांची गाडी किनवटच्या नातवाने दुरुस्तीला नेली, काम वर्षभरात संपले नाही (जुन्या गाडीचे काम वर्षभरात संपले असे आम्ही फारसे ऐकलेले नाही), की तो कायद्याच्या कचाट्यात सापडलाच. १९५६ साली ती दोन्ही गावे एका जिल्ह्यात होती, हे सांगून सुटका होत नाही. भरीस भर म्हणजे ऑक्टोबर २०१६मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले.

कागद बाजूला ठेवून पत्र्याकडे वळू. येथे बोथ आणि आपला किनारा यांच्यातला फरक दुरुस्ती करणाराच्या तत्काळ ध्यानात येतो. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाकीचे आठ महिने खारा वारा. गाडीचा रंग वरून तकतकीत दिसतो आणि दाराखालचा पत्रा, पायाखालची फरशी, चाकावरच्या कमानी आतून पोखरलेल्या असतात. पुट्टी भरून आणि वर रंग फासून विकलेल्या गाड्यांनी कितीतरी भोळ्या गिऱ्हाइकांना रडवले आहे. दाराखालच्या पट्टीवर लोहचुंबक धरून पाहावा. जेथे तो चिकटत नाही तेथे पत्रा नसून पुट्टी आहे, एवढी परीक्षा कोणालाही करता येते. आदिलाबादकडे याच्या उलट. तेथे उन्हाळा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि हिवाळ्यात तेलंगणातला पारा बहुधा त्याच जिल्ह्यात सर्वांत खाली उतरतो. पत्रा शाबूत राहतो, पण रबर मरते. काचांभोवतीच्या पट्ट्या, रेडिएटरच्या नळ्या, ब्रेकच्या सिलिंडरमधले वॉशर सारे तडकून दगड होते. डॅशबोर्डला भेगा पडतात, आसनांचे रेक्झिन फाटते. यांतले कोणते दुखणे पत्करावे असे आम्हांला कोणी विचारले, तर आम्ही क्षणाचाही विलंब न लावता दुसरे म्हणू. रबर बाजारात विकत मिळते. कुजलेली फरशी कापून, नव्या पत्र्याला मूळ गाडीचे बाक देऊन, सांगाडा तसूभरही न सरकू देता ती डाग देऊन बसवणारा पत्रा-कारागीर मिळणे दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालले आहे.

घरच्या घरी हे काम करू पाहणाऱ्या तरुणांना आमचे पहिले सांगणे हे की, घाई करू नका. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीला बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारण्याचा मोह अनेकांना होतो, आणि जाम बसलेल्या पिस्टनच्या रिंगा त्या एका क्षणात मोडतात. चारही प्लग काढावेत, भोकांतून थोडेथोडे तेल सोडावे, दोन दिवस तसेच राहू द्यावे, आणि मग इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहावे. ते फिरले तर अर्धी लढाई जिंकली. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. त्याचा वास व्हार्निशासारखा येत असेल तर कार्बोरेटरची बारीक भोकेही त्याच चिकटाने बुजली आहेत असे समजावे. प्रत्येक भाग काढताना छायाचित्र घ्यावे, नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी लावावी. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांचा इतका उत्तम उपयोग दुसरा नाही. पुढच्या चाकांच्या किंगपिनचे बुश झिजलेले असणारच. ते नवे घालताना आतून रीमर फिरवून मापात आणावे लागतात, आणि हे काम मात्र लेथवाल्याकडेच न्यावे. सिलिंडरचे बोअरिंग, क्रँकचे ग्राइंडिंग हीही त्याचीच कामे. घरच्या दुरुस्तीचा अर्थ सारे घरीच करणे असा नव्हे. कोणते काम आपल्या हातचे नाही हे ओळखणे हाही त्या शिक्षणाचा भाग होय.

ब्रेकच्या बाबतीत आम्ही थोडे कठोर होऊ इच्छितो. चालत नसलेली गाडी कोणाचे नुकसान करीत नाही. थांबत नसलेली गाडी जीव घेते. उभ्या गाडीच्या ब्रेकतेलात हवेतले पाणी मुरलेले असते, त्याने सिलिंडर आतून गंजतात. म्हणून तेल, रबरी वॉशर आणि नळ्या सरसकट नव्या घालाव्यात, काटकसर दुसरीकडे करावी. ब्रेकतेलाच्या जागी इंजिनचे तेल भरल्यास वॉशर फुगून ब्रेक निकामी होतात, हे ध्यानात ठेवावे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवण्याची जी सवय आपल्या गॅरेजांत आहे ती फुफ्फुसांना घातक आहे, ती धूळ ओल्या फडक्याने टिपून काढावी. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, केव्हाही, एका मिनिटासाठीही शिरू नये. भक्कम लोखंडी स्टँड नसतील तर जाड लाकडी ओंडके चालतील. विटा आणि सिमेंटचे ठोकळे भाराखाली अचानक फुटतात.

पेट्रोलचा प्रश्न याहून किचकट आहे आणि तो मालकाच्या हातातला नाही. या गाड्या ज्या काळी घडल्या त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे असे. ते आरोग्याला विषारी म्हणून २००० साली देशभर बंद झाले, आणि ते झाले हे उत्तमच झाले. परंतु शिशाचा सूक्ष्म थर एक्झॉस्ट झडपेच्या बैठकीला उशीसारखा पडे. तो गेल्यावर जुन्या मऊ लोखंडाच्या बैठका झिजू लागल्या. यावर उपाय निघाला : हेड उतरवले की कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्या. आता दुसरे संकट इथेनॉलचे आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५मध्ये गाठले. उसाच्या राजकारणात वा परकीय चलनाच्या हिशेबात आम्ही येथे शिरत नाही. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या आणि पेट्रोलपंपाचा पडदा मऊ करते, कार्बोरेटरच्या मिश्रधातूला आणि टाकीच्या पत्र्याला गंज चढवते. त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने कार्बोरेटरचे मिश्रण पातळ पडते व इंजिन अधिक तापते. जो मालक गाडी महिन्यातून एकदा काढतो त्याला याचा त्रास सर्वांत जास्त. कारण पाणी खाली बसायला त्याच्या टाकीत भरपूर सवड असते. इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लोरो-रबराच्या नळ्या घालणे, जेट किंचित मोठा करणे, आणि आपल्या किनाऱ्यावर तर पावसाळ्याआधी टाकी व कार्बोरेटर रिकामा करून ठेवणे, एवढे उपाय आज हाताशी आहेत. कमी मिश्रणाचे पेट्रोल निदान जिल्ह्याच्या ठिकाणी एका पंपावर उपलब्ध ठेवावे ही मागणी अवाजवी आहे असे आम्हांला वाटत नाही.

इतके सारे करून गाडी रस्त्यावर आणण्याजोगी झाली, की गाठ पडते ती शुल्काशी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२पूर्वी त्याला सहाशे रुपये पडत, त्या दिवसापासून पाच हजार झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५मध्ये दहा हजार. शिवाय राज्याराज्यांचे हरित कर निराळे. आता हिशेब पाहा. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीचा धनवान मालक एकदा वीस हजार भरून दहा वर्षे निश्चिंत होतो, आणि पुढचे नूतनीकरण त्याला पाच हजारांतच पडते. चाळीस वर्षांच्या पद्मिनीचा निवृत्त शिक्षक असलेला मालक दहा वर्षांत दोनदा दहा हजार भरतो, आणि पुढच्या दहांतही तेच. जुन्या गाड्या रस्त्यावरून हटवण्यासाठी हे शुल्क आहे, हे सरकार लपवीत नाही. रोज शंभर किलोमीटर धूर ओकत जाणाऱ्या गाडीला ते लागू करावे. वर्षाकाठी पाचशे किलोमीटर, तीही दसऱ्याला झेंडूची माळ घालून देवळापर्यंत जाणाऱ्या गाडीला त्याच तराजूत तोलणे हा न्याय नव्हे.

नियमातला दुसरा खडा ‘मोठा फेरफार नको’ या शब्दांत आहे. त्यामागचा हेतू समजतो. जुन्या नावाची पाटी लावून आत जपानी इंजिन दडवणारे महाभाग आहेत, त्यांना वाट मिळू नये हे रास्तच. परंतु गोव्यातल्या गाडीची कुजलेली फरशी कापून तेथे नवा पत्रा घातला, तर तो सांगाड्यातला फेरफार ठरतो काय? झडपांच्या बैठका बदलणे हा इंजिनातला फेरफार आहे काय? सरकारच्याच इंधनधोरणामुळे नळ्या बदलाव्या लागल्या तर गाडी मूळ स्वरूपातली राहिली की नाही? दुरुस्ती आणि बदल यांच्यातली सीमा नियमात स्पष्ट नसेल तर ती काउंटरवरच्या कारकुनाच्या मर्जीवर ठरते, आणि मर्जीचा भाव काय असतो हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. मूळ नकाशाबरहुकूम केलेली डागडुजी हा फेरफार नव्हे, असे एक वाक्य नियमात घातल्याने पुष्कळ काही साधेल.

परदेशांत या वयाचा विचार कसा झाला आहे? जर्मनीत १९९७पासून तीस वर्षांवरील, चांगल्या स्थितीत राखलेल्या गाड्यांना पाटीवर ‘एच’ हे अक्षर मिळते आणि ठोक दराने कर लागतो. मात्र तज्ज्ञाच्या तपासणीतून जावे लागते. इंग्लंडात चाळीस वर्षांवरील गाडीला रस्ताकर माफ आहे आणि २०१८पासून, तिच्यात मोठे बदल झालेले नसतील तर, वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. जुन्या वाहनांच्या क्लबांचा जागतिक महासंघ तीस वर्षांपासून पुढे ‘ऐतिहासिक वाहन’ धरतो. आपण पन्नासचा आकडा कोठून उचलला हे कळत नाही. आपल्याकडे गाड्या जगतात तरी किती? सुस्थितीतल्या देशांनी तीस-चाळीस धरावे आणि पाऊस, धूळ, खड्डे यांनी गाडीचे आयुष्य खाणाऱ्या देशाने पन्नास, हा प्रकार उलटा आहे. इंग्लंडची तपासणीतली सूट मात्र आम्हांला मान्य नाही. आपल्या रस्त्यांवर ब्रेकची आणि धुराची परीक्षा दरवर्षी झालीच पाहिजे, गाडी राजाची असो वा रंकाची.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही डावलता येण्याजोगे नाही. कार्बोरेटरची जुनी गाडी दर किलोमीटरला नव्या गाडीच्या कैकपट विषारी वायू सोडते. तिला उत्प्रेरक नळकांडे नाही. पुष्कळ गाड्यांना आसनपट्टे नाहीत, धडकेत चालकाला वाचवणारी कोणतीही रचना नाही. म्हणून तिला रोजच्या वाहतुकीत आणू नये, हे आम्ही मान्य करतो. वर्षाला किती किलोमीटर चालवता येईल याची मर्यादा घालावी, मापकावरून ती तपासावी. आसनपट्टे बसवणे हा फेरफार न मानता सक्तीचे करावे. परंतु अमुक वर्षे झाली म्हणून यंत्र टाकाऊ झाले, हे विज्ञान नव्हे. नवी गाडी घडवायलाही पोलाद, वीज आणि इंधन लागतेच. त्याचा धूर आपल्या दारात पडत नाही, इतकेच.

मुंबईत काय घडले ते ताजे आहे. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २००३मध्ये ताडदेव येथे नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस बाद झाली. टॅक्सीचालकांच्या संघटनेने निदान एक पद्मिनी तरी जपावी अशी विनंती सरकारला केली होती. वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले, लोकांनी छायाचित्रे काढून घेतली. पण त्या हजारो टॅक्सी दोन-तीन पिढ्या चालत्या ठेवणारे मेस्त्री कोठे गेले, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. ज्या कुर्ल्यात त्या गाड्या घडल्या त्या कारखान्याच्या जागी आज उंच इमारतींची वसाहत आहे. गोव्यातही निराळे नाही. पोर्तुगीज अमदानीत विदेशी गाड्यांची आयात भारतापेक्षा सुलभ होती, त्यामुळे मुक्तीच्या वेळी आपल्या वाड्यांतून आणि टॅक्सी-थांब्यांवर मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन अशी चित्रविचित्र बिऱ्हाडे होती. त्यांचे सुटे भाग मिळण्याची सोय नसताना म्हापसा-मडगावच्या कारागिरांनी ते घडवून त्या गाड्या चालवल्या. १९६१पूर्वीच्या त्या गाड्यांना आज व्हिंटेजचा मान मिळेल. त्यांना जगवणाऱ्या हातांची कोठे नोंद नाही.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्याच आहेत. वयाची अट पन्नासवरून तीस वर्षांवर आणावी आणि त्याबरोबर दरवर्षी ब्रेक, स्टिअरिंग व धूर यांची कडक तपासणी ठेवावी. या वर्गातल्या गाडीला दुरुस्तीसाठी दुसऱ्या राज्यात नेल्यास बारा महिन्यांची मुदत छत्तीस महिन्यांची करावी. बोथ आणि किनवट, निपाणी आणि कोल्हापूर, पेडणे आणि सावंतवाडी यांसारख्या सीमेवरच्या गावांना याचा लाभ सर्वांत जास्त होईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार-मेकॅनिकचा अभ्यास शिकवला जातो, त्यात पत्रा-काम, कार्बोरेटर आणि लेथवरची जुनी कामे यांचा एक ऐच्छिक भाग ठेवावा, आणि तो शिकवायला पदविका नसलेल्या पण हातात चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या मेस्त्रीला मानधनावर बोलावण्याची मुभा प्राचार्यांना द्यावी. हे करावयास फार पैसा लागत नाही.

आणि एक काम राज्य सरकारांना दिल्लीची वाट न पाहता हाती घेता येईल. भंगार धोरणाखाली परवाना मिळालेल्या केंद्रांत जुन्या गाड्या दाखल होतात. तेथे पद्मिनी, ॲम्बेसडर किंवा जुनी जीप आली, की ती दाबयंत्राखाली घालण्यापूर्वी तिची दारे, काचा, दिवे, गियरबॉक्स आणि डिफरन्शियल उतरवून त्यांची यादी केंद्राच्या दारावर लावावी, आणि तसल्याच गाडीचे नोंदणीपुस्तक दाखवणाऱ्याला ते भाग भंगाराच्या दराने द्यावेत. आज पद्मिनीची मागची काच फुटली तर मालकाला कुर्ल्याच्या भंगार बाजारात चार खेपा घालाव्या लागतात, आणि बोथहून कुर्ला फार लांब पडते.